काही पक्षी एकाच झाडावर दाटीवाटीने घरटी का बांधतात? एकट्याने लपून बांधणं जास्त सुरक्षित नाही का?

सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे, पण माझ्या मते सुरुवात चाऱ्यापासून करायला हवी.

दयाळ किड्यांवर जगतो आणि किडे बागेत सगळीकडे थोडे थोडे असतात. तेवढा तुकडा राखला, दुसऱ्या दयाळाला हुसकावलं, की पिल्लांची सोय झाली. मासे खाणाऱ्या चित्रबलाक या करकोच्याला हे परवडत नाही. उजनीचं पाणी उतरेल तसे मासे आज इथे, उद्या तिथे. अख्खा जलाशय राखणार कोण? शेजाऱ्याला हाकलून काही मिळत नसेल तर त्याच्याशी भांडायचं कशाला? मग पाण्यापासून फार लांब नसलेली मजबूत झाडं सगळ्यांनाच हवीशी वाटतात. इंदापुरात भर वस्तीतल्या चिंचांवर त्यांची गर्दी होते ती अशी.

सुगरणींच्या कुळात तर हे फार स्वच्छ दिसतं. जॉन क्रुक या संशोधकाने १९६४ साली या कुळातल्या सुमारे ९० जातींची तुलना केली. दाट जंगलात किडे खाणाऱ्या जाती बहुतेक जोडीने, आपापली हद्द राखून राहतात. गवताळ माळावर दाणे टिपणाऱ्या मात्र थव्याने चरतात आणि वसाहत करून घरटी विणतात. आपली सुगरण दुसऱ्या गटातली.

आता सुरक्षितता. सुरय हे पाणपक्षी कावळ्यावर सगळे मिळून तुटून पडतात. शिवाय अंडी साधारण एकाच सुमारास घातली, की शत्रू खाऊन खाऊन किती खाणार! पण एवढा गोंगाट शत्रूला आमंत्रणही देतो. म्हणून वसाहती बहुधा अडचणीच्या जागी असतात: वेंगुर्ल्याच्या समुद्रातले खडक, विहिरीवर झुकलेली बाभळीची फांदी.

शेजाऱ्याकडून चाऱ्याचा पत्ता लागतो, ही कल्पना वॉर्ड आणि झहावी या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडली. त्यावर बरीच भांडणं झाली आणि ती सगळ्या पक्ष्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतल्या क्लिफ स्वॅलो या भिंगरीत मात्र ती दिसते: रिकाम्या चोचीने परतलेला पक्षी चारा आणणाऱ्याच्या मागोमाग निघतो. नेब्रास्कात चार्ल्स आणि मेरी ब्राऊन यांनी १९८२ पासून त्यांचा अभ्यास केला.

गर्दीत राहण्याची किंमतही त्यांनीच दाखवली. या घरट्यांत ढेकणाच्या कुळातले रक्तपिपासू किडे असतात आणि वसाहत मोठी तसे ते वाढतात. औषध फवारलेल्या घरट्यांतली पिल्लं जास्त धडधाकट निघाली. वर शेजाऱ्याच्या घरट्यात गुपचूप अंडं घालणं आहेच. सुगरण नरही एकमेकांच्या घरट्यातले धागे बिनदिक्कत पळवतात. तेव्हा याला सहकार म्हणणं मला पटत नाही. जो तो आपला हिशेब बघतो.

तो हिशेब सगळ्यांचा सारखा येत नाही. या भिंगऱ्यांची काही घरटी एकेकटी असतात, तर काही वसाहती हजारोंच्या. ब्राऊन दांपत्याने लहान-मोठ्या वसाहतींतल्या पिल्लांची अदलाबदल केली. मोठी झाल्यावर त्यांनी जी वसाहत निवडली ती वाढवणाऱ्यांच्या नव्हे, जन्मदात्यांच्या वसाहतीएवढी होती. म्हणजे गर्दीची आवड काही अंशी आनुवंशिक आहे, आणि उत्क्रांतीला निवडायला तेवढा फरक पुरतो.