मामाचा नाद आणि आजीचा नाद

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज इथं लीड्समध्ये सकाळी बसची वाट बघताना ऐकला. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून आता रात्री सगळं आवरून लिहायला बसलोय.

परवा संध्याकाळी तू कोल्हापूरच्या घरी माडीवर तबल्याला बसलीस आणि दीड तास कुठं गेला ते तुला कळलं नाही. खाली आलीस तर मामा म्हणाला, "पोरीचा नादच खुळा!" आणि आजी म्हणाली, "भाकरी गार झाली, कसला नाद लागलाय हिला!" शब्द एकच, मग एकाची शाबासकी आणि दुसरीचं रागावणं कसं, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा असा की काल तू पुन्हा तशीच बसलीस, पण तसं काही झालं नाही, नुसता हात दुखला. तुझ्या इथल्या, लीड्सच्या, संगीताच्या बाई ज्याला ‘फ्लो’ म्हणतात ते हेच का, आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात?

आधी नाद. संगीतात नाद म्हणजे गोड, टिकणारा, ज्याचा सूर सांगता येतो असा आवाज. तुझ्या तबल्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, मधोमध ती काळी शाई आहे ना, ती नादासाठीच असते. नुसत्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता दणका ऐकू येतो. शाईच्या वजनानं ते स्वर एका मेळात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलंय. घडवणाऱ्यांच्या हाताला मात्र ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

रोजच्या बोलण्यात नाद म्हणजे वेड. कुणाला कबुतरांचा नाद, कुणाला पत्त्यांचा, आणि आपल्या पेठांमध्ये निम्म्या पोरांना फुटबॉलचा. नाद लागला की माणूस जेवण विसरतो, घर विसरतो. म्हणून आजीला काळजी. मामाला तेच कौतुकाचं वाटतं, कारण कोल्हापुरात एखाद्या गोष्टीत स्वतःला विसरण्याला मान आहे. खुळा म्हणजे वेडा. तुझा नाद वेड लावणारा आहे, असं तो म्हणाला. दोघांनी एकच गोष्ट पाहिली, एकानं तबल्याच्या बाजूनं आणि एकीनं ताटाच्या. मला फार आवडतं की आपल्या भाषेत आवाजाला आणि त्या आवाजात बुडून जाण्याला एकच शब्द आहे.

आता आजीचं वाक्य पुन्हा वाच. ‘नाद लागलाय.’ मराठीत भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, सूर लागतो, तंद्री लागते. तुझ्या बाईंच्या फ्लोला मी ‘तंद्री’च म्हणेन. आजीच्या पिढीतले लोक ‘ब्रह्मानंदी टाळी लागली’ असंही म्हणतात. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला लागतं. काल तू ठरवून तंद्री आणायला बसलीस, पण झोप ठरवून येत नाही, तशीच तीही येत नाही. आपल्या हातात असतं ते ‘लावणं’. दिवा लावायचा, तानपुरा लावायचा, तबला लावायचा. तेवढं नीट केलं की लागण्याला जागा होते.

फ्लो हे नाव मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी रूढ केलं. बुद्धिबळ खेळणारे, कडे चढणारे, नाचणारे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, अशा लोकांना त्यांनी विचारलं की काम रंगात आलं की तुम्हाला कसं वाटतं. पाण्याच्या ओघानं वाहून नेल्यासारखं वाटतं, असं अनेकांनी सांगितलं, म्हणून ते नाव. ही अवस्था कधी येते तेही त्यांनी पाहिलं. काय करायचंय ते स्पष्ट हवं, चुकलं की बरोबर आलं ते तिथल्या तिथं कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या जरा पुढचं हवं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते.

तुझी परवाची संध्याकाळ यात बसवून बघ. सरांनी ‘धा धा तिट धा धा तूं ना’ या कायद्याचा, म्हणजे ठरलेल्या बोलांच्या रचनेचा, नवा पलटा दिला होता, म्हणजे तेच बोल वेगळ्या मांडणीत, ‘धा धा तिट धा धा तिट धा धा तिट धा धा तूं ना’. मूळ बोल हातात होते, फक्त त्यांची मांडणी नवी होती, म्हणजे जरा पुढचंच. शिवाय लेहरा, म्हणजे तालाबरोबर पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट, चालू होता. सोळा मात्रा झाल्या की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते आणि तू जागेवर आहेस की घसरलीस ते लगेच सांगते. खालीला, म्हणजे तालातल्या रिकाम्या जागेला, डग्गा (डाव्या हाताचा घुमणारा तबला) गप्प व्हायला हवा, तो चुकून घुमला तर माडीवरच्या पालीलाही कळेल. काल तू काय केलंस? तोच पलटा, पण दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, कारण परवाची मजा तुला लवकर हवी होती. हात पुढं पळाला, कान मागं राहिला.

तेव्हा आज आधी लावायचं काम कर, आणि त्यात घाई करू नकोस. कोल्हापूरचा श्रावणातला पाऊस तुला माहीत झालाच असेल. दमट हवेनं पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. लेहऱ्याचा सा ऐकत पुडीच्या कडेनं एकेका घरावर, म्हणजे वादीच्या दोन ओढींमधल्या जागेवर, ‘ना’ वाजवून बघ. उतरलेलं असेल तिथं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर, वरून हलकी हातोडी मार. फारच उतरला असेल तर गठ्ठे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, खाली ठोकावे लागतील, ते मात्र सर किंवा मामा असताना कर. या दहा-पंधरा मिनिटांत बाहेरचा पाऊस, मोबाईल, आजीचा मिक्सर सगळं मागं पडतं आणि कान उघडतो. मला तर अजूनही वाटतं की निम्मा रियाज तिथंच होतो.

तू तबल्याला नमस्कार करतेस तोही लावण्यातलाच. मामाला सांग, एकदा एखाद्या तालमीत घेऊन जा. पैलवान आखाड्यात उतरताना लाल माती कपाळाला लावतो ते बघ. आपण कुस्तीच्या जागेलाही तालीम म्हणतो आणि गुरूकडून मिळणाऱ्या गाण्याच्या शिक्षणालाही तालीम.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला उशिरा कळली. नववीत असताना, अशाच पावसात, मी एक रेला, म्हणजे भरभर वाजवायची बोलांची रचना, तासभर वाजवत होतो. फार रंगलो होतो. आमचे सर कधी येऊन दारात उभे राहिले ते कळलंही नाही. थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "हात छान चाललाय. कान कुठं होता?" ‘तिरकिट’ या बोलातला ‘ट’ मी तासभर खात होतो. तंद्रीत आपण बहुतेक वेळा येतं तेच वाजवतो, चूकही गोड लागते. म्हणून आधी वीस मिनिटं ठाय, म्हणजे संथ, लयीत, एकेक अक्षर ऐकत, कंटाळा आला तरी. त्या वीस मिनिटांत तंद्री लागणार नाही आणि लागूही नये.

आणि हात दुखला की थांबायचं, यात तडजोड नाही. थोर गायक उस्ताद अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. कोल्हापुरात येण्याआधी अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला होता, आणि पुढं बदललेल्या आवाजातूनच त्यांनी आपली गायकी घडवली. एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्यालाही ते सोसलं नाही. तुझं मनगट तेरा वर्षांचं आहे. देवल क्लबात एखादी बैठक असेल तर मामाबरोबर जा. १८८३ पासूनची गाण्याची संस्था आहे ती. तिथं वाजवणाऱ्याच्या हाताकडं बघू नकोस, सम यायच्या आधी त्याच्या खांद्यांकडं बघ. किती सैल असतात ते दिसेल.

आजीचं राहिलं. तिची भाकरी गार होऊ देऊ नकोस. बसण्याआधीच तिला सांगून ठेव की हाक मारलीस तर दोन आवर्तनं, म्हणजे तालाचे दोन फेरे, लागतील. हाक आली की लगेच उठू नकोस, तिहाई घे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर ये, पुडीवर कापड घाल आणि मग खाली जा. काय वाजवलंस ते तिला बोलून दाखव. तिला कायदे पाठ आहेत, मी माडीवर वाजवायचो तेव्हा ती खालून चूक सांगायची.

तुझा,
बाबा