रोज ५० शब्द पाठ करतो तरी इंग्लिश पॅसेजमध्ये मार्क जातात, काय करू?

तू लिहिलंयस की शाळा मराठी मिडियमची, सध्या पुण्यात रूम घेऊन बँक आणि एसएससी (म्हणजे दहावी नव्हे, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा) दोन्हीची तयारी चाललीये, रोज ५० शब्द पाठ करतोस आणि तरी मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पॅसेजचे (उताऱ्यावरचे) निम्मे प्रश्न चुकतात. मी वयानं मोठा असणार म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको. मीपण मराठी मिडियमचाच, श्रीगोंद्याकडचा, नवी पेठेत तीन वर्षं काढली आणि आता एका बँकेत आहे.

पहिल्या वर्षी मीपण हेच केलं. अप्पा बळवंत चौकातनं व्होकॅबचं, म्हणजे इंग्लिश शब्दांचं, जाडजूड पुस्तक आणलं आणि ए पासून सुरू, अबेट, अ‍ॅबहॉर, अब्स्टेन, सगळं तोंडपाठ. सी येईपर्यंत ए विसरलेला असायचा, मग परत ए. डी मी कधी बघितलाच नाही.

तर एका मॉकला ठिबक सिंचनावर पॅसेज आला. म्हटलं, चला, घरचंच कार्य! आमच्या उसाला ठिबक आहे, नळ्या अंथरल्यात मी स्वतः. प्रश्न होता, पॅसेजनुसार छोटे शेतकरी ठिबक का बसवत नाहीत. ऑप्शनमध्ये लाइट नसणं होतं, उंदीर नळ्या कुरतडतात हे होतं, सुरुवातीचा खर्च होता, अजून दोन काहीतरी होते. मी डोळे झाकून लाइट मारलं, कारण आमच्याकडं मोटर चालू करायला रात्री दोनला उठावं लागायचं. उत्तर होतं खर्च. पॅसेजमध्ये लाइटचा शब्दसुद्धा नव्हता. पाच प्रश्नांत माझा एक बरोबर आणि माझा रूम पार्टनर, नांदेड शहरातला, ज्यानं ठिबकची नळी जन्मात हातात धरली नसेल, त्याचे पाचपैकी पाच!

टपरीवर चहा घेताना मी त्याच्याशी भांडत होतो की लाइट हेच खरं कारण आहे, तू ये आमच्या रानात दाखवतो. तो एवढंच म्हणाला, "असेल, पण कुठं लिहिलंय दाखव."

हे "कुठं लिहिलंय दाखव" पुढं आमचं रोजचं झालं. उत्तर मारायच्या आधी पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवायचं, बोट ठेवता येत नसेल तर ऑप्शन कितीही खरा वाटू दे, सोडायचा. निष्कर्ष काढायचा प्रश्न असला तरी तो निष्कर्ष कुठल्या ओळीतनं निघतो ते दाखवता आलं पाहिजे. ऑप्शनमध्ये ओन्ली, ऑल, नेव्हर असं काही दिसलं की जास्तच संशय घ्यायचा, कारण लेखक "काही ठिकाणी" म्हणतो आणि ऑप्शनवाला गुपचूप "सगळीकडे" करतो.

दुसरं, आपण अवघड शब्दांना घाबरतो आणि मार खातो सोप्या शब्दांत. "स्कीम हार्डली बेनिफिटेड फार्मर्स" हे मी हार्ड म्हणजे जोरात धरून भरपूर फायदा झाला असं वाचलं होतं, अर्थ बरोबर उलटा, फायदा जवळजवळ झालाच नाही. तसंच "अ फ्यू" म्हणजे थोडे का होईना आहेत आणि नुसतं "फ्यू" म्हणजे नसल्यातच जमा, मधल्या एका ए मुळं अख्ख्या पॅराचा सूर बदलतो. असले शब्द शंभरेक असतील नसतील, ते आधी पक्के कर.

व्होकॅब सोडून दे असं नाही म्हणत. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेत टियर १ ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, १०० पैकी २५ प्रश्न इंग्लिशचे, प्रत्येकी २ मार्क, चुकला की अर्धा कट. तिथं समानार्थी, विरुद्धार्थी, इडियम (वाक्प्रचार), वन वर्ड (शब्दसमूहासाठी एक शब्द) सरळ विचारतात, म्हणजे पाठांतर चालतं, पण ते जुन्या पेपरांमधनं कर कारण बरेच शब्द फिरून फिरून येतात. बँकेच्या बऱ्याच प्रिलिमला, म्हणजे पूर्व परीक्षेला, इंग्लिशचे ३० प्रश्न २० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद, आणि शब्द बहुतेक वाक्यातच विचारतात. आता सँक्शन घे. मी दिवसभर लोन सँक्शन झालं म्हणतो तेव्हा मंजूर झालं, आणि एखाद्या देशावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध. वहीत एकच अर्थ लिहिलेला असेल तर गेला मार्क. म्हणून शब्द लिहिताना ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिही, रोज सातआठ झाले तरी पुष्कळ. आपल्या सु आणि दुर् सारखे त्यांचे बेने आणि मॅल, तेवढे उपसर्ग बघून ठेव, पण आंधळा विश्वास नको, इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नाही, अमूल्य.

वाचायचं काय, तर एकदम संपादकीयावर उडी मारू नको, सगळे तेच सांगतात आणि तिसऱ्या दिवशी पेपर रद्दीत जातो. रेपो रेटची (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर) बातमी आधी मराठी पेपरात वाच, मग तीच इंग्लिशमध्ये. विषय माहीत असला की शब्द आपोआप उलगडतात.

तुक्क्याचं थोडक्यात. बँकेत पाच ऑप्शन आणि पाव मार्क कट, म्हणजे डोळे झाकून मारलं तर सरासरी हिशोब शून्यच येतो, दोन ऑप्शन नक्की उडवता आले तर मार.

आणि एक वही कर. चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि शेजारी का चुकला, एवढंच. शब्द अडला, घाई झाली, नॉट ट्रू मधला नॉट दिसला नाही, का स्वतःची अक्कल लावली. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात ४३ चुका होत्या आणि त्यात शब्द अडला म्हणून झालेल्या फक्त ९. ते मोजलं त्याच संध्याकाळी व्होकॅबचं पुस्तक चौकात नेऊन विकलं, सी च्या पुढं पानं कोरी करकरीत असल्यामुळं भावही बरा आला.