गुडघा नंतर बघू, आधी गाडी दाखवा

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 54, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे. पावसाळा सरला की गगनबावडा, करूळ घाट उतरून मालवण, असं फिरतो. साडेतीनशे सीसीची गाडी आहे. वाटेतल्या कळे गावापर्यंत काही जाणवत नाही, पण गगनबावड्यात चहाला उतरलो की दोन्ही गुडघे धरलेले असतात. पाय सरळ व्हायलाच वेळ लागतो. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. उंची पाच फूट नऊ इंच. पाय बिनघोर टेकावेत म्हणून गेल्या वर्षी मित्राचं बघून सीट इंचभर कापून घेतली, लेग गार्डवर पुढचे फुटरेस्टही बसवले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "वयाप्रमाणे थोडी झीज आहे, काळजी नको." कुणी नी-कॅप सांगतं, कुणी ग्लुकोसामाईन. तेल कोणतं लावू? की आता गाडीच सोडू?

उत्तर : काका, गाडी सोडू नका. तेलाचं शेवटी बघू.

माझे वडील उद्यमनगरात गॅरेज चालवायचे, त्यामुळं फिजिओथेरपिस्ट झाले तरी सवय गॅरेजचीच राहिली. गाडीवर दुखणारा पेशंट असला की मी त्याला गाडीसकट बोलावते. खाली पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर घ्यायची, त्यावर त्याला बसवायचं आणि बाजूनं बघायचं. निम्मं निदान तिथंच होतं. तुमचं तर पत्रातच झालं.

सीट इंचभर खाली गेली, फुटरेस्ट मात्र होता तिथंच राहिला. मग मधल्या मध्ये गुडघा जास्त दुमडला. गुडघा जितका दुमडेल तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते, आणि तुम्ही तो दाब तासभर तसाच धरून बसता. तीन तासांच्या सिनेमानंतर खुर्चीतून उठताना जे गुडघे कुरकुरतात, त्यांचंही दुखणं हेच. त्यात सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणावर तिचं पोट चालतं आणि ते वंगण आत-बाहेर व्हायला सांधा हलावा लागतो. म्हणजे तुमच्या गुडघ्याला गाडीचा त्रास कमी आणि न हलण्याचा जास्त आहे.

पाच फूट नऊ इंचाच्या माणसानं सीट कापायचं काही कारण नव्हतं. मित्र बुटका असेल, त्याला ते ठीक. सीटवाल्याकडं जाऊन कापलेला फोम परत भरून घ्या आणि फोम घट्ट घ्या. दुकानात बोट दाबून "व्वा, काय मऊ आहे" वाटतं, तो फोम तासाभरात दबतो आणि तुम्ही खालच्या पत्र्यावर बसता.

लेग गार्डवरचे फुटरेस्ट राहू देत, पण मोकळ्या सरळ रस्त्यावर चार-पाच मिनिटं पाय लांब करण्यापुरतेच. तिथं पाय ठेवला की ब्रेक आणि गिअर दोन्ही पायाखालून जातात आणि पायांवरचा भार माकडहाडावर येतो. फुलेवाडी सोडली की कळ्यापर्यंत गावं, फाटे आणि कारखाने सुरू असले की उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि लाल दिव्याचा पत्ता नाही. तिथं पाय ब्रेकवरच हवा. घाटात तर विषयच नाही.

थांबायचं कळ्यातच, दुखायला लागायच्या आधी. गगनबावडा कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये एक थांबा काही जास्त नाही. थांबलात की लगेच बाकड्यावर बसू नका. दोन फेऱ्या मारा, गुडघा पूर्ण सरळ करून मांडी आवळा, टाचा वर-खाली करा. चहा उभ्यानं प्या.

आता बोटं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं म्हणजे तळहाताच्या करंगळीकडच्या कडेनं जाणारी नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असं म्हणाला असतात तर मनगटातल्या दुसऱ्या नसेवर संशय घेतला असता. उजवाच हात का? डावा हात क्लच सोडला की मोकळा होतो, मांडीवर येतो, झटकला जातो. उजव्याला ॲक्सिलरेटरवरून हलता येत नाही, आणि तळहाताची तीच कड ग्रिपवर टेकून राहते. त्यात गाडीची थरथर. मूठ जितकी आवळाल तितकी ती थरथर हातात जास्त उतरते.

गाडी मेन स्टँडवर लावा आणि एक करून बघा. बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा, हात सहज ग्रिपवर ठेवा आणि बोटं लांब करा. बोटं आपोआप लिव्हरवर यायला पाहिजेत आणि कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष दिसायला पाहिजे. बोटं लिव्हरच्या खाली राहिली आणि ती वर न्यायला मनगट मागं मोडावं लागलं, तर लिव्हर वर बसलेत. शोरूममधून येताना लिव्हर सगळ्यांना एकाच कोनात बसवलेले असतात, तुमचा हात बघून कुणी बसवत नाही. क्लॅम्पचे बोल्ट थोडे ढिले करायचे, लिव्हर थोडा खाली फिरवायचा आणि परत आवळायचं. उजवीकडं डिस्क ब्रेकच्या तेलाची डबी असते, ती फार तिरकी होऊ देऊ नका. मेकॅनिकला पाच मिनिटांचं काम आहे. त्यालाच क्लच केबल आणि कोनसेटही (हॅन्डल ज्यावर वळतं ते बेअरिंग) बघायला सांगा. कोरडी केबल दसरा चौकातल्या सिग्नलला अंगठ्याचं मूळ दुखवते.

हॅन्डल लांब पडत असेल, म्हणजे कोपर ताठ करूनच पोहोचत असेल, तर रायझर, म्हणजे हॅन्डलखाली बसवायचा उंचवटा, लावून वर-मागं घेता येतं. पण लावल्यावर हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. केबल किंवा ब्रेकचा पाइप ताणला, तर तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

हवा स्वतः सांगून भरा. "दोन्हीकडं चाळीस मारा की" म्हणणारे लोक टायरचे मित्र असतील, मनगटाचे नव्हेत. किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

नी-कॅप चालताना घाला हवं तर. दुमडलेल्या गुडघ्यावर तासन्‌तास घट्ट नी-कॅप म्हणजे गुडघ्यामागं काच आणि पोटरीला सूज. डिसेंबरात गगनबावड्याचं धुकं आणि वारं गुडघ्याला झोंबतं, त्यासाठी वारा अडवणारी पँट घ्या, तिचा उपयोग जास्त. ग्लुकोसामाईनचं म्हणाल, तर 2006 साली अमेरिकेत दीड हजारांवर रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्या रुग्णांचा मिळून हिशोब केला, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. त्या पैशात सीट होईल. तेल घरात असेल ते लावा, चोळण्यानंच बरं वाटतं. फक्त गाडीवर बसायच्या आधी नको, तेलकट हातानं ग्रिप सुटते.

खरं औषध मांडीचा पुढचा स्नायू. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा-दहाच्या दोन-तीन फेऱ्या, रोज. तालमीतल्या पूर्ण बैठका या वयात, झिजलेल्या गुडघ्यावर नकोत, निम्म्या बैठका चालतील. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो.

बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, हातातून वस्तू सुटायला लागली, गुडघा सुजून गरम झाला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर मला पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरांकडं जा. पोटरीच्या सुजेला तर त्याच दिवशी.

प्रश्न : ताई, तुम्ही चालवणाऱ्यांचंच ऐकता. मी मागं बसते! जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, माहेरी गारगोटीला, सगळीकडं साडीत, एका बाजूला पाय सोडून. उतरले की कंबर आणि डावा खुबा दुखतो. यांचं म्हणणं, "तू नुसती बसलेली असतीस, तुला काय दुखतंय?"

उत्तर : वहिनी, "यांना" एकदा गारगोटीपर्यंत तसं एका बाजूला बसवा, मग विचारा.

एका बाजूला बसलं की पाय डावीकडं, खांदे मात्र पुढं बघायला वळलेले. कंबरेला सगळ्या वाटेत पीळ बसतो. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो सावरून बसतो. तुम्हाला धक्का बसल्यावर कळतो. जवळपास ठीक आहे, पण गारगोटीला जाताना ड्रेस घाला आणि दोन्हीकडं पाय टाकून बसा. देवदर्शनाची साडी पिशवीत न्या. हे मी सासूबाईंसमोर म्हणायलाही तयार आहे. तोल आणि सुरक्षितता दोन्ही दृष्टींनी तेच बरं, हेल्मेट दोघांनीही घालायचं.

साडीतच जायचं असेल तर दोन्ही पाय फुटरेस्टवर पूर्ण टेकलेच पाहिजेत, लोंबकळते नकोत. मागच्या माणसासाठी धरायला आधार, फुटरेस्ट आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून गार्ड हे मोटार वाहन नियमांतच आहे. हौसेनं साडी गार्ड काढून टाकला असेल तर आजच लावायला सांगा. आणि मागचे शॉकअप एकट्या माणसाच्या सेटिंगवर असतात, दोघं जाताना ते घट्ट करून घ्यायचे. यांना एवढं तरी जमेल.

प्रश्न : पूर्वी कुस्ती खेळायचो, आता 61. पुण्याला मुलाकडं गाडीवरच जातो. निघताना दुखण्याची एक गोळी टाकतो, सातारा पार होईपर्यंत काही कळत नाही. बीपीची गोळी चालू आहे. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार, वस्ताद. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत स्नायू सैल करणारं औषध मिसळलेलं असतं आणि त्यानं झोप येते. हायवेवर एक डुलकी पुरे. दुसरं, उन्हात पाणी कमी पिऊन घेतलेली अशी गोळी मूत्रपिंडाला जड जाते, पोटातही जखम करू शकते. बीपी असताना आणि बीपीची औषधं चालू असताना तर जास्तच. शिवाय दुखणं कळलं नाही की तुम्ही थांबत नाही, आणि थांबणं हाच तर उपाय आहे.

कोल्हापूर-पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडतं. कराड, सातारा आणि साताऱ्यापुढचं खंडाळा (लोणावळ्याजवळचं नव्हे) असे तीन थांबे धरा, प्रत्येक ठिकाणी पाणी प्या आणि चाला. घाम, छातीत दाब आणि डाव्या हातात कळ असं कधी झालं तर ते खांद्याचं समजू नका, गाडी बाजूला लावून 108 ला फोन करा. आणि पुढच्या वेळी बीपी तपासायला जाल तेव्हा त्या दुखण्याच्या गोळीचं रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवा. नाव सांगू नका, पाकीटच दाखवा.