फुकुओकाहून एका दिवसात नागासाकी, तेही एकटीनं

तुमचा प्रश्न असा आहे: ऑक्टोबरच्या मध्यात कामासाठी फुकुओकाला जाताय, मध्ये एक दिवस मोकळा मिळतोय, आणि तो एकटीनं नागासाकीत घालवायचाय. यादीत अणुबॉम्ब संग्रहालय, देजिमा, ग्लोव्हर गार्डन, गुन्कान्जिमा बेट आणि संध्याकाळी इनासा डोंगर. मासे चालतात, डुक्कर आणि गोमांस नको. एवढं सगळं बसेल का?

गुन्कान्जिमा काढा, बाकी सगळं बसतं. १९७४ साली कोळशाची खाण बंद होऊन ओस पडलेलं ते बेट बघण्यासारखं आहे, यात शंका नाही. पण बोटीच्या सहलीत अर्धा दिवस जातो, आणि समुद्र खवळलेला असला तर बेटावर उतरवतच नाहीत, लांबून चक्कर मारून परत आणतात. दोन दिवस असते तर जा म्हटलं असतं.

फुकुओका आणि नागासाकी ज्या बेटावर आहेत, त्या क्युशूत मी नोकरीनिमित्त राहिले आहे. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना नागासाकी दाखवायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायचं. त्यावरून सांगते, क्रम महत्त्वाचा. बरेच जण आधी बंदर, बाग आणि खाणंपिणं उरकतात आणि दमल्यावर चार वाजता संग्रहालयात शिरतात. त्यापेक्षा सकाळी उत्तरेकडे जा, दुपारी दक्षिणेला उतरा. त्यात एक गोष्टही सलग उलगडते.

हाकाता, म्हणजे फुकुओकाचं मुख्य रेल्वे स्टेशन, तिथून सकाळी सातच्या आसपासची गाडी धरा. ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलून समोरच्याच फलाटावर उभ्या असलेल्या शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं असतं. हा नवा मार्ग २०२२ साली सुरू झाला. एकूण दीड तास. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर बरंच स्वस्त पडतं.

नागासाकी स्टेशनातून बाहेर पडलात की लगेच ट्राम धरू नका. पाच-सात मिनिटं चालत निशिझाकाच्या टेकाडावर जा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमानं इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं. त्यांना क्योतोच्या बाजूनं ऐन हिवाळ्यात इथवर आणलं होतं. भिंतीवर त्या सव्वीस जणांचे कांस्यपुतळे एका ओळीत आहेत. त्यातला एक गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचा. आधी व्यापारी होता, मग फ्रान्सिस्कन पंथात गेला, आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे मनिलाहून आलेल्या मिशनऱ्यांचा दुभाषा झाला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, ते अनेकांना माहीत असतं. तो गेला कुठे, हे फारच थोड्यांना.

तिथून ट्रामनं उराकामीकडे, म्हणजे शहराच्या उत्तरेकडच्या भागात, जिथे बॉम्ब पडला. १ किंवा ३ नंबरची अकासाकोकडे जाणारी ट्राम, दहा मिनिटांत 'गेन्बाकु शिर्‍योकान' थांबा. चढायचं मागून, उतरायचं पुढून, पैसे उतरताना. फुकुओकात घेतलेलं प्रवासाचं कार्ड इथेही चालतं.

संग्रहालय साडेआठला उघडतं. दीड तास ठेवा, आणि शाळेच्या सहली यायच्या आत पोचलात तर उत्तम. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. त्या वेळेला थांबलेलं घड्याळ आत आहे. वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाज सुमारे ७४ हजार. बॉम्ब घेऊन निघालेलं विमान आधी कोकुरा या शहरावर गेलं होतं. खाली धूर आणि ढग, लक्ष्य दिसेना, म्हणून ते इकडे वळलं. ओसाकाकडून बुलेट ट्रेननं हाकाताला येणार असाल तर शेवटून दुसरं ठळक स्टेशन हेच कोकुरा.

बाहेर आल्यावर लगेच पुढे धावू नका. शेजारीच राष्ट्रीय स्मृतिभवन आहे, जमिनीखाली, शांत, फुकट. एकटं असण्याचा फायदा इथे कळतो, कुणाशी काही बोलावं लागत नाही. नंतर स्फोटकेंद्राचा काळा स्तंभ. शांती उद्यानातला तो प्रचंड पुतळा मला कधीच भिडला नाही. वेळ कमी असला तर तो खुशाल सोडा, पण उराकामी कॅथेड्रल सोडू नका. आजची इमारत नंतर बांधलेली आहे. जुन्या चर्चच्या मनोऱ्याचा घुमट स्फोटात उडून खाली ओढ्यापाशी पडला, तो अजून तिथेच ठेवलाय.

आता गोष्टीचा धागा. निशिझाकानंतर काही वर्षांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. उराकामीच्या शेतकऱ्यांनी दोनशेहून अधिक वर्षं पाद्र्याशिवाय, चोरून श्रद्धा जपली. १८६५ च्या मार्चमध्ये त्यातले काही जण शहराच्या दक्षिण टोकाला नव्यानं बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये गेले आणि एका बाईनं फ्रेंच पाद्री प्तीझाँच्या कानात सांगितलं, आम्ही तुमच्याच धर्माचे. बंदी अजून उठलेली नव्हती, त्यामुळे याची किंमत मोजावी लागली: उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करून देशभर पांगवलं. १८७३ नंतर ते परतले आणि त्यांनी आपलं चर्च उभारलं. बॉम्ब पडला तो त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

खरं तर लक्ष्य होतं शहराचा मध्यभाग. बॉम्ब उत्तरेच्या दरीत पडला आणि मधल्या डोंगरांनी बंदराकडचा भाग बराचसा झाकला. म्हणून दुपारी तुम्हाला जुनं नागासाकी बघायला मिळणार आहे.

शांती उद्यानापासून परतताना १ नंबरचीच ट्राम घ्या, ३ नंबर दुसरीकडे वळते. देजिमाला उतरा. बेट शोधू नका, भोवतालचा समुद्र कधीच बुजवलाय; पंख्याच्या आकाराची ती जागा आता रस्त्यांच्या मधोमध आहे. १६४१ पासून दोन शतकांहून जास्त काळ डच व्यापाऱ्यांना फक्त एवढ्याच जागेत राहायची मुभा होती. हीच डच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. तासाभरात होतं.

जेवणाचं जरा बघून. नागासाकीचं चाम्पोन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, प्रसिद्ध, पण त्याचा रस्सा डुकराच्या हाडांचा आणि वर तुकडेही असतात. काढून द्या म्हणून भागत नाही. सारा-उदोन या दुसऱ्या नूडल्सच्या पदार्थाचंही तेच. त्यापेक्षा 'आजी फुराइ तेइशोकु' मागवा: आपल्या बांगड्यासारखा दिसणारा आजी मासा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, सोबत भात, सूप, कोबी. नागासाकीत हा मासा भरपूर आणि ताजा मिळतो. काउंटरवर एकट्यानं बसून जेवणं तिकडे रोजचंच, कुणी वळूनही बघत नाही.

पुढे ग्लोव्हर गार्डन. इथे बहुतेक पर्यटक खालच्या दारानं शिरून चढ चढतात. तुम्ही शिन्ची चुकागाइला (चायनाटाउनच्या थांब्यावर) ५ नंबरची ट्राम पकडा, शेवटच्या इशिबाशीला उतरा आणि जवळच्या तिरक्या लिफ्टनं वर जा. ही लिफ्ट वस्तीतल्या लोकांसाठी बांधलेली, फुकट. घरं डोंगराच्या अंगावर, पायऱ्याच पायऱ्या. या शहरात सायकली फारशा का दिसत नाहीत ते वर पोचेपर्यंत कळतं. बागेच्या वरच्या दारानं आत गेलात की सगळा रस्ता उतरणीचा. ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याचं १८६३ चं लाकडी घर, त्याच्या अंगणातून समोर बंदर आणि पलीकडे गोदीतली १९०९ सालची अजस्र क्रेन. उतरत उतरत ओउरा चर्चपाशी याल. तिकीट हजार येनच्या घरात आहे, आत फोटो काढू देत नाहीत, तरी जा. सकाळी उराकामी पाहून आलेल्याला ही जागा निराळी दिसते.

ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. पाचला स्टेशनवर परत या, तिथून बसनं रोपवेच्या पायथ्याशी, आणि उजेड असतानाच ३३३ मीटरच्या इनासावर पोचा. दिवे हळूहळू लागताना बघण्यात खरी मजा आहे. वर वारा बोचरा असतो, जाकीट ठेवा. त्या दिवशी रोपवे चालू आहे ना, हे सकाळीच तपासा. जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात.

एकटीच्या सुरक्षिततेबद्दल विचारलंत, तर रात्री नऊला स्टेशनच्या आसपास मी निर्धास्त फिरले आहे. काळजी करायचीच तर शेवटच्या गाडीची करा. उतरल्या उतरल्या सकाळीच वेळ टिपून ठेवा. आणि तारखा ७ ते ९ ऑक्टोबरच्या आसपास सरकल्या तर इथे कळवा. तेव्हा सुवा देवळाचा कुन्ची उत्सव असतो, ट्राम खच्चून भरतात आणि हा सगळा बेत नव्यानं आखावा लागेल.