गॉथिक, रोमान्स आणि देह राखणारी नायिका

प्रश्न असा आला आहे: ‘नव्या गॉथिक ऐतिहासिक रोमान्स कादंबरीची आतुरतेने वाट पाहते आहे’ असं मी लिहिलं. मैत्रीण म्हणाली, गॉथिक म्हणजे भुताखेतांचं, तेव्हा सरळ ‘भयकादंबरी’ लिही. शिवाय ‘रोमान्स कादंबरी’ ही द्विरुक्ती आहे. कोणाचं बरोबर?

भुतांच्या बाबतीत मैत्रीण साफ चुकली आहे. द्विरुक्तीच्या बाबतीत तिचा नेम लागला आहे, पण खरी द्विरुक्ती भलतीकडेच आहे आणि ती तिच्या नजरेतून सुटली.

काळं मुखपृष्ठ, वर चंद्र, कोपऱ्यात वटवाघूळ, की झालं ‘गॉथिक’. हे ऐकून ऐकून कान किटले. गॉथ ही जुन्या युरोपातली जर्मानिक टोळी, हाडामांसाची माणसं होती, भुतं नव्हेत. 410 साली अलारिकच्या नेतृत्वाखाली त्यांनी रोम लुटलं आणि इटालियन लोकांनी तो राग हजारेक वर्षं मनात धरला. पुढे वसारी या चित्रकाराने 1550 साली कलावंतांची चरित्रं छापली, त्यात त्याला न आवडणाऱ्या टोकदार कमानींच्या मध्ययुगीन इमारतींचं खापर गॉथांच्या माथी मारलं. वसारीला थोर कलेतिहासकार म्हणतात, म्हणोत बापडे; इथे मात्र त्याने बिनपुराव्याची शिवी हासडली आहे. त्या शैलीचा आरंभ मानतात तो पॅरिसजवळच्या सॅं-दनीच्या मठात, 1140च्या दशकात. गॉथांचं शेवटचं राज्य स्पेनमध्ये होतं आणि 711 साली सुरू झालेल्या अरब स्वारीत ते बुडालं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी संपलेल्या लोकांनी या कमानी बांधल्या! तरी शिवी चिकटली आणि ‘गॉथिक’चा अर्थ ‘जुनाट, रानटी, मध्ययुगीन’ असा झाला.

या अर्थाने तो शब्द होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने आपल्या कादंबरीसाठी उचलला. ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ 1764च्या डिसेंबरात निघाली ती निनावी, जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद असल्याची बतावणी करत. मूळ पुस्तक म्हणे 1529 साली नेपल्सला ‘काळ्या अक्षरात’ छापलेलं, म्हणजे ज्या टायपाला आपण आज गॉथिकच म्हणतो त्यात. पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपलं पितृत्व कबूल केलं आणि पुस्तकाला ‘गॉथिक कथा’ असं उपशीर्षक जोडलं. त्याला म्हणायचं होतं ‘मध्ययुगातली गोष्ट’. गोष्टीत भलंमोठं शिरस्त्राण कोसळून नवरदेव चिरडतो, तसबिरीतला आजोबा चौकटीतून उतरून चालू लागतो, हे सगळं खरं. पण तो शब्दाचा अर्थ नव्हे, गोष्टीतला माल. डब्याचं नाव पुढे मालाला पडलं, एवढंच.

अजूनही ‘भयकादंबरी’चा आग्रह असेल तर ॲन रॅडक्लिफ ही इंग्रज कादंबरीकार वाचा. ‘द मिस्ट्रीज ऑफ उडॉल्फो’ (1794) मध्ये नायिका काळा पडदा उचलते, आत बघते आणि बेशुद्ध पडते. आत काय होतं हे बाई आपल्याला शेकडो पानं सांगत नाहीत. शेवटी कळतं, मेणाचा पुतळा. रॅडक्लिफबाईंच्या हयातीत निघालेल्या कादंबऱ्यांत जवळजवळ प्रत्येक भुताचा असाच शेवटी खुलासा होतो. भुताशिवाय गॉथिक चालतं. जुनी वास्तू, दडवलेलं पाप आणि कोंडलेली बाई यांच्याशिवाय चालणं कठीण.

तर 1765च्या अर्थाने ‘गॉथिक’ आणि ‘ऐतिहासिक’ हीच द्विरुक्ती. आज तशी ती राहिली नाही, कारण आजच्या काळात घडणारी गॉथिक कादंबरीही निघते. म्हणून ‘ऐतिहासिक’ ठेवा.

आता ‘रोमान्स’. बागेत झाडाभोवती फिरणं हा याचा अर्थ फार उशिराचा. मूळ ‘रोमानिके’, म्हणजे ‘रोमच्या रीतीने’, म्हणजे पंडिती लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत. बोलीत सांगितलेली, शूर सरदारांची, चमत्कारांनी भरलेली गोष्ट ती रोमान्स. आपल्या भाषेत सांगायचं तर प्राकृतातली गोष्ट. फ्रेंच आणि जर्मन लोक अजूनही कादंबरीला ‘रोमां’ आणि ‘रोमान’च म्हणतात. या अर्थाने मैत्रिणीची द्विरुक्ती ठीक. ‘मुक्तामाला’ (1861), ‘मंजुघोषा’ (1868) या सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्यांच्या जातीला आपले समीक्षक ‘अद्भुतरम्य’ म्हणत आले, तो शब्द ‘रोमान्स’ला जवळचा आहे आणि विनाकारण अडगळीत पडला आहे. मला गंमत वाटते ती वेगळीच. ज्यांनी रोम लुटलं ते गॉथ आणि रोमच्या नावाचा रोमान्स एकाच लेबलात सुखाने नांदताहेत!

पण या सगळ्या वरातीत खरा मान ‘कादंबरी’ला आहे. गुजराती ‘नवलकथा’ म्हणतात, हिंदी आणि बंगाली ‘उपन्यास’. आपण आणि कन्नड लोकांनी मात्र एका नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची ही नायिका. कोश उघडलात तर ‘कदंबाच्या फुलांची दारू’ असा अर्थ मिळेल. बरेच जण तिथेच थांबतात. बाणाचा मुलगा थांबला नाही. बाप ग्रंथ अर्धा टाकून गेला, तो पुरा करताना त्याने म्हटलं की कादंबरीच्या रसाने सगळे इतके झिंगले आहेत की कुणाला कसली शुद्ध नाही, म्हणून माझ्या बेचव, बेरंग शब्दांनी पुढचं जोडायची मला भीती वाटत नाही. कोट्या कराव्यात तर अशा.

आणि गोष्ट काय आहे? शाप, पुनर्जन्म, पोपटाच्या तोंडून कथा. कादंबरीची मैत्रीण महाश्वेता, तिचा प्रियकर मरतो, चंद्रलोकातला पुरुष त्याचा देह उचलून नेतो, आणि ती सरोवराकाठी तप करत त्याच्यासाठी थांबून राहते. पुढे कादंबरीचा प्रियकर चंद्रापीड मरतो. कादंबरी जीव द्यायला निघते, तोच आकाशवाणी होते की हा देह कुजणार नाही, जपून ठेव. ती ठेवते. रोज पूजा करते. वसंतात एके दिवशी त्याला सजवते, न राहवून मिठी मारते आणि तो जागा होतो. यात पडका किल्ला कुठे आहे, म्हणून नाक मुरडणारे विद्वान आहेत. त्यांना किल्लाच हवा असेल तर त्यांनी गाइड घेऊन गड बघावेत. माझ्या मते वॉलपोलच्या हजारेक वर्षं आधी आपल्याकडे गॉथिक रोमान्स तयार होता आणि आपण त्याचंच नाव रोज घेतो. म्हणूनच ‘गॉथिक कादंबरी’ एवढ्या दोन शब्दांत माझं काम भागतं.

‘आतुरतेने’ राहिलंच. आयुर्वेदात आतुर म्हणजे रोगी, आणि आतुरसंन्यास मरणाच्या दारात घेतात. हलक्याफुलक्या प्रेमकथेसाठी मी तो खोडला असता. तुमच्या या पुस्तकाला शोभतो, राहू द्या. डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिलीत तरी हरकत नाही. फक्त ‘कादंबरीकडे पुढे पाहते आहे’ असलं इंग्रजीचं शब्दशः भाषांतर हल्ली ऐकू येतं, ते लिहिलंत तर पुढच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.