चुंबकाला चिकटला म्हणून स्पोक नकली नसतो

स्टेनलेस म्हणून घेतलेला सायकलच्या चाकाचा स्पोक (तारेचा आरा) चुंबकाला ओढला गेला की नवे लोक तो नकली समजून लगेच परत करतात. तू तसं करू नकोस. स्पोकसाठी सहसा ३०४ जातीचं स्टेनलेस वापरतात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हे पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण थंड अवस्थेत ओढून तार केली की थोडं चुंबकत्व येतंच. म्हणून शेजारी साधा पोलादी स्पोक धरून ओढ ताडून बघ. तो खाडकन चिकटतो, स्टेनलेस जेमतेम.

खात्रीच हवी तर एक स्पोक जास्तीचा घे. नव्या पॉलिश पेपरने घासून वरचा मुलामा काढ (कानस नको, तिचे लोखंडी कण राहिले तर खोटा गंज दिसतो) आणि मिठाच्या पाण्याच्या ओल्या कापडात दोन रात्री ठेव. घासल्या जागी तांबूस गंज आला तर आत साधं पोलाद. चकाकीवर विसंबू नकोस, क्रोमचा मुलामाही छान चमकतो.

तू नवी मुंबईच्या पाम बीच रोडला रोज सायकल चालवणार, शेजारी खाडी. माझ्या पहिल्या चाकाचे मुलाम्याचे स्पोक एका पावसाळ्यात आट्यांपाशी गंजले. निपल (स्पोक ताणायची छोटी नटं) फिरेनात, चाकाचा आऊट (डगमग) काढता येईना.