वाचकांचे प्रश्न : वर्गातलं हळदीचं कुंकू

प्रश्न : दर्शक (आम्ल की अल्क हे रंग बदलून दाखवणारे पदार्थ) शिकवताना हळदीत चुना कालवून कुंकू करून दाखवलं. लगेच लाल झालं, पण दुसऱ्या दिवशी विटून पिवळट पडलं. घरी केलेलं जुन्या पद्धतीचं कुंकू टिकतं, मग हे का नाही?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : दोन्ही लाल रंग वेगळ्या कारणांनी येतात. चुन्याने पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप, अल्क असेल तेवढा जास्त) वाढला की हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, तांबडं होतं. पण ओलसर चुन्यात ते हळूहळू विघटित होतं. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पीएच उतरतो.

जुन्या कृतीत हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार (बोरॅक्स) लावतात. नुसत्या लिंबाने हळद पिवळीच राहिली असती. आंबट रसात टाकणखारापासून बोरिक आम्ल तयार होतं आणि वाळताना ते कर्क्युमिनला धरून तांबडं संयुग बनतं. आम्लाने हा रंग जात नाही. मुलांना हा फरक जरूर दाखवा, धड्यातला सगळ्यात रंगतदार भाग हाच आहे.

त्यासाठी चमचाभर हळद 50 मिली स्पिरिटमध्ये ढवळून गाळा (जवळ ज्योत नको). कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाण्यातल्या पट्ट्या फिक्या येतात. गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. एका पट्टीवर चुन्याची निवळी टाका. दुसरीवर चमचाभर लिंबूरसात विरघळवलेला चिमूटभर टाकणखार लावा आणि गरम इस्त्रीने पूर्ण सुकवा. पट्टी ओली असेपर्यंत रंग येत नाही, घाई इथेच नडते. टाकणखार जास्त झाला तर तो स्वतःच अल्कधर्मी असल्याने पट्टी ओलीच लाल होते आणि प्रयोग फसतो.

आता दोन्हींवर लिंबाचा थेंब टाका. पहिली पिवळी होईल, दुसरी तांबडीच राहील. मग दुसरीवर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका, डाग काळपट हिरवा-निळा पडेल. बोरेट (टाकणखारासारखे बोरॉनचे क्षार) ओळखायची ही जुनी कसोटी आहे. बाजारच्या कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतो, त्यावर ही चाचणी घेऊ नका. वर्गातलं मिश्रण कपाळाला लावू देऊ नका, चुना डोळ्यांपासून लांब ठेवा.

प्रश्न : लिंबू आणि साधं पाणी, दोन्हींत हळद पिवळीच. मुलं दोन्हींना उदासीन (ना आम्ल, ना अल्क) म्हणतात.
– एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : हळद आम्ल आणि उदासीन यांत भेद करत नाही. जोडीला लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून घ्या. तो अर्क लिंबाने गुलाबी-लाल, सोड्याने हिरवा होतो. मात्र रोज ताजा करा.